तळ्याकाठच्या लेखकामागे मुदखेड ते लातूर

मुदखेडहून निघून मी लातूरपर्यंत जाऊन आले हे कळल्यापासून शेजारणी एकेक करून विचारायला येतात. मोटारीत बायांना वेगळी जागा असते का, तिकडची भाकरी कशी असते, बोली समजते का. मी त्यांना भज्जीची आणि आंबिलीची गोष्ट सांगते. त्या हसतात आणि उठून जातात. बाकीचं सांगताना माझा आवाज अजून नीट राहत नाही, म्हणून ते लिहून काढते आहे.

मुदखेड

हे इथल्या शाळेत इंग्रजी शिकवतात. दिवाळीनंतर यांनी बिनपगारी रजा काढली आणि शिरूर अनंतपाळला निघून गेले. तिथे यांचे शाळासोबती गोविंदराव शेती करतात आणि त्यांच्या रानाला लागून एक तळं आहे. "तळ्याकाठी एक खोली बांधतो, थोडे दिवस एकटा राहतो," एवढंच म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, "थोडे म्हणजे किती?" तर चपला घालता घालता म्हणाले, "येईन."

का गेले ते मला ठाऊक आहे असं तेव्हा वाटत होतं. दोन वर्षांपासून यांनी एका अमेरिकन लेखकाचा नाद घेतला होता. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस, निबंध लिहायचा. हैदराबादेहून आणलेल्या इंग्रजी पुस्तकातून यांनी त्याच्या आयुष्यातल्या मुख्य घटना मराठीत एका वहीत उतरवल्या होत्या, वर्षवारीनं. जाताना वही घरीच राहिली. हे गेल्यावर मी ती रोज थोडी थोडी वाचू लागले. एखाद्याची पत्रिका वाचावी तशी, पुढे काय लिहिलंय ते बघायला.

बाप शिसपेन्सिली करणारा. थोरल्या भावाबरोबर गावात शाळा चालवली. दोघा भावांनी मिळून नाव बांधली आणि नदीतून प्रवास केला. दोघांनी एकाच मुलीला मागणी घातली, तिनं दोघांनाही नाही म्हटलं. गावातच एक वडीलधारा मित्र होता, तोही मोठा निबंधकार. त्याच्या घरी हा काही वर्षं राहिला, आणि त्याच्याच जमिनीवर, तळ्याकाठी, मागून आणलेल्या कुऱ्हाडीनं लाकडं तोडून यानं झोपडी बांधली. तिथे तो दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस राहिला. ह्या आकड्याखाली यांनी रेघ ओढली होती. आणि वहीच्या शेवटी, मृत्यूच्या वरच्या ओळीत, 'लग्न: नाही.'

त्या ओळीवर माझं बोट किती वेळा थांबलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा गोविंदरावांचं कार्ड आलं. 'गुरुजींच्या पायाला कुऱ्हाड लागली. जखम बेताची आहे. काळजी नसावी.' कार्ड लिहून पाच दिवस झाले होते.

मी वही काढली. ते पान मला पाठ होतं, तरी काढली. 'थोरला भाऊ दाढी करताना बोटाला वस्तरा लागून जखमी. जखम क्षुल्लक. थोड्याच दिवसांत धनुर्वात, दातखीळ. भावाच्या मांडीवर मृत्यू.' जखमेपासून मृत्यूपर्यंत मोजून दहा दिवस गेले होते. खाली आणखी एक ओळ होती: 'पुढे ह्याचाही जबडा आवळला, अंगावर जखम नसताना. घरच्यांनी आशा सोडली, मग आपोआप बरा.' आणि त्याच महिन्यात त्या वडीलधाऱ्या मित्राचा पाच वर्षांचा मुलगा तापानं गेला.

सासूबाईंना कार्ड वाचून दाखवलं नाही. त्यांचा थोरला मुलगा, आमचे भाऊजी, गेल्या श्रावणात विषमज्वरानं गेला. तेव्हापासून त्यांनी त्याचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं, आणि घरात दुसरं कुणी काढलेलंही त्यांना चालत नसे. मी म्हटलं, "नांदेडला मामांकडे जाऊन येते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चार भाकऱ्या जास्तीच्या बांधून दिल्या.

नांदेड, लोहा

मुदखेड ते नांदेड आगगाडीनं तासाभराचं काम. माझे मामा तिथे असतात. साठीचे आहेत, कानानं थोडे कमी, खाण्याचे शौकीन. कार्ड वाचून त्यांनी टोपी घातली आणि विचारलं, "मोटार किती वाजता?"

लढाईच्या टंचाईत पेट्रोल मिळेनासं झालंय, त्यामुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. मागे एक लोखंडी भट्टी लावलेली असते. चढ आला की गाडी धापा टाकायची आणि पुरुषांना उतरून चालावं लागायचं. बायांना पुढचं एक बाकडं होतं. माझ्या शेजारी हातभर हिरव्या बांगड्या घातलेली बाई लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. तिनं मला विचारलं, "तुमी कशाला निगालाव?" मी म्हटलं, "सहज." तिनं मान हलवली. सहज निघालेली बाई मांडीवरची पिशवी अशी दोन्ही हातांनी दाबून धरत नाही, हे तिला दिसत होतं.

पिशवीत वही होती. का घेतली ते आजही नीट सांगता येत नाही. घरी ठेवली असती तर बरं झालं असतं, कारण लोह्याला मोटार कोळशासाठी थांबली आणि पोलिसांनी सामान तपासायला घेतलं. हैदराबाद सरकारात हल्ली असं अधूनमधून होतं. सरकारविरोधी पत्रकं काही सापडतात का ते बघतात. जवानानं वही उघडली, मराठी अक्षर पाहून ती अमीनसाहेबांकडे, म्हणजे तिथल्या फौजदाराकडे, नेली. अमीनसाहेब लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. मला बोलावलं.

"इसमें क्या लिखा है, बाई?"

"एका लेखकाचं चरित्र आहे, साहेब. अमेरिकेतल्या."

"पढो."

मामा मागून म्हणाले, "काय म्हणतायत?" अमीनसाहेबांनी वही माझ्यापुढे केली. मी वही उघडली आणि नको तेच पान उघडलं. 'सरकारला कर देण्यास नकार. एक रात्र कैद. आत्याने कर भरल्यावर सुटका.' पोलिसांपुढे हे कसं वाचणार? बोटाला थुंकी लावून मी दोन पानं मागे गेले आणि भावाच्या मृत्यूचं वाचलं. वाचता वाचता आवाज फुटला, तो काही मी मुद्दाम फोडला नाही.

अमीनसाहेब ऐकत होते. "उस्तरा लगा और मर गया?"

"हाव साहेब. दातखीळ बसली."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. मग म्हणाले, "हमारे चचा का ऐसाच हुआ. घोडे ने लात मारी थी. छोटीसी जखम." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "तुमे कां जा रहे?"

"शिरूरला. माझ्या माणसाच्या पायाला कुऱ्हाड लागलीय."

"कित्ते दिन हुए?"

"आज सातवा."

त्यांनी काही धीर दिला असता तर बरं वाटलं असतं. ते उठले आणि ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, "कोयला बस हुआ, निकालो जल्दी!"

लोह्याच्या पुढे माझा जबडा दुखायला लागला. कानाखाली, दोन्ही बाजूंनी. मी तोंड उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. बांगड्यावाल्या बाईनं विचारलं, "दाढ दुकती का?" मी हो म्हटलं. तिनं लवंग दिली. ती चघळत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली ज्वारी आणि करडई बघत मी बसले, आणि प्रत्येक मैलाच्या दगडाला तोंड उघडून पाहत होते.

चाकूर ते शिरूर अनंतपाळ

अहमदपूरला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकूरला उतरलो तर गाव रिकामं. दारांना कड्या, ओसरीवर कुत्री. एक म्हातारा उन्हाला बसला होता, त्याला मामांनी बैलगाडी विचारली.

"आज कोन गाडी देतंय? येळवस हाय."

मार्गशीर्षातल्या अमावास्येला तिकडे येळवस म्हणतात. आमच्या मुदखेडकडे हा सण एवढा नाही, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी लातूरकडचं सगळं गाव, म्हातारंकोतारंसुद्धा, रानात जाऊन जेवतं. गाड्या रानात, बैल रानात, माणसं रानात. जखमेचा आठवा दिवस, आणि गावात एक चाक नव्हतं.

शेवटी एक बागवान भेटला. त्याला शेती नव्हती, टांगा होता. त्यानं नळेगावपर्यंत सोडलं. पुढे टांग्याला रस्ता नव्हता, तीन-चार कोस पायवाट. मी पुढे आणि मामा मागे, असे निघालो. प्रत्येक रानात ज्वारीच्या ताटांची खोप उभी होती, धूर निघत होता, माणसं हाका मारत होती. मी मान खाली घालून चालत होते. एका खोपीतून एक बाई सरळ वाटेवरच आली आणि आडवी उभी राहिली.

"बाई, कुनीकडं निगालाव?"

"शिरूरला. घाई आहे."

"आदी जेवा."

"खरंच घाई आहे हो."

"आसंल. पर येळवशीला मानूस रानावरनं उपाशी गेलं तर आमच्या पिकाला बरं न्हाई. बसा."

मी मामांकडे पाहिलं. मामा बसले होते.

खोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले होते, पांडव म्हणून. त्यांच्यापुढे नैवेद्य. आम्हाला पत्रावळीवर भज्जी वाढली. नाव ऐकून मला तळलेली भजी वाटली होती. ती तर हिरवे दाणे, पालेभाज्या आणि बेसन घालून शिजवलेली पळीवाढी भाजी निघाली. बाजरीचे उकडलेले गोळे, म्हणजे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली आंबट थंड आंबील. मामांनी तिसऱ्यांदा आंबील मागितली तेव्हा मला त्यांचा हात धरून ओढावंसं वाटलं. माझा घास खाली उतरत नव्हता. घास उतरत नाही हेही त्या रोगाचं लक्षण असतं का, हा विचार आला आणि तो अजिबातच उतरेना.

बाई माझ्यासमोर बसली. "काय झालंय तुमाला?"

मी सांगितलं. कार्ड, कुऱ्हाड, आठ दिवस. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"आन् आता सांगताव व्हय? आदी सांगायचं न्हाई!" मग खोपीमागे तोंड करून ओरडली, "अवो, बैलं जुपा! ह्या बाईचा मालक आजारी हाय."

तिचा नवरा हातातला घास टाकून उठला. सणाच्या दिवशी, भरल्या ताटावरून. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

शिरूर अनंतपाळ

ऊन कलायच्या आत गाडी तळ्याशी पोचली. तळं लहान, कडेला लव्हाळी, दोन बगळे. काठावर यांची खोली. खोली कसली, कमरेएवढ्या मातीच्या चार भिंती, वर अर्ध्या भागावर कडबा टाकलेला. आत घोंगडी, दौत, टाक आणि कागदांची चळत. भिंतीशी कुऱ्हाड. हे नव्हते.

मी हाक मारली. बगळे उडाले. तळ्याच्या पाण्याकडे बघायचं धाडस होईना. गाडीवान म्हणाला, "घाबरू नगा, येळवस हाय, कुनाच्या तरी रानात आसतेल." मी धावतच निघाले. दुसऱ्या बांधापलीकडच्या खोपीत दहा-बारा माणसं बसलेली दिसली आणि त्यांत कडेला, पाय लांब करून, हे. समोर पत्रावळ. मला पाहिलं आणि बोललेच नाहीत. नुसते बघत राहिले, ओठ मिटून.

सगळ्यांसमोर मी यांच्यापुढे जाऊन गुडघ्यावर बसले. "तोंड उघडा."

यांनी हातानं थांब अशी खूण केली.

"आधी तोंड उघडा म्हणते ना!"

यांनी मोठ्या कष्टानं गिळलं आणि म्हणाले, "अगं, उंडा होता तोंडात."

सगळी खोप हसली. गोविंदरावांच्या बायकोला तर ठसका लागला. मीही हसले आणि यांच्या पायाकडे हात नेला.

पण पायाचं फडकं सोडलं तेव्हा हसू गेलं. अंगठ्याच्या मागे चार बोटं लांब जखम, कडा सुजलेल्या, आणि आत शेणाची राख भरलेली. "रगत थांबंना, म्हनून आमीच लावली," गोविंदराव ओशाळून म्हणाले. "आमच्यात तेच लावत्यात."

"उद्या पहाटे लातूरला न्यायचं," मी म्हटलं. हे म्हणाले, "एवढं काही नाही." तेव्हा मात्र माझा बांध फुटला. लोक उठून भांडी आवरायला गेले होते. मी म्हटलं, "तुमचा लेखक तळ्यावरून दीड मैल चालत आईच्या हातचं जेवायला घरी जायचा. तुम्हीच लिहिलंय. तुमची आई कुठे आहे? आणि त्याचं लग्न झालेलं नव्हतं, हेही तुम्हीच लिहिलंय. माझं काय करायचं ठरवलंय?"

यांनी फडकं पुन्हा पायावर ओढलं.

"तू वही वाचलीस."

"पाठ केली."

"मग अर्धीच वाचलीस," हे हळू म्हणाले. "तो तळ्यावर गेला तो संन्यास घ्यायला नाही. त्याचा भाऊ गेला होता. भावाबरोबर नावेतून जो प्रवास केला त्याच्यावर त्याला लिहायचं होतं आणि तीन वर्षं लिहिता येत नव्हतं. म्हणून गेला. मला वाटलं, आपणही असं एकटं बसलं तर दादावर लिहिता येईल. घरात आईसमोर त्याचं नावसुद्धा घेता येत नाही."

"मग लिहिलंत?"

"एक ओळ नाही. रोज कागद घेऊन बसतो, आणि मग लाकडं फोडायला उठतो."

खोलीतल्या कागदांची चळत मला आठवली. सगळे कोरे होते.

लातूर

लातूरच्या डॉक्टरांनी जखम धुतली, चिरली, राख काढली. हे ओरडले नाहीत, मामा बाहेर जाऊन बसले. मग सुई दिली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "उशीर झालाय, बाई. सुई लागू पडेल असं वाटतं, खात्री देत नाही. दोन आठवडे गाव सोडू नका. जबडा, मान, गिळणं, बोलणं. यात काही फरक वाटला की तसंच धावत या."

गंजापासून, म्हणजे धान्याच्या बाजारापासून, जवळच्या धर्मशाळेत खोली मिळाली. लातूर नांदेडहून लहान, पण आवाज मोठा. सकाळपासून तुरीच्या, भुईमुगाच्या गाड्या लागायच्या, हमाल ओरडायचे, डाळीच्या गिरण्यांचा पिवळा धुरळा खिडकीच्या गजांवर बसायचा. भाकरी आमच्यापेक्षा मोठी आणि पातळ. शेंगांची चटणी प्रत्येक जेवणात. मामांनी बाजार पालथा घातला. मी खिडकीतूनच पाहिला, कारण माझं लक्ष यांच्या तोंडाकडे होतं.

जबडा आवळतोय की नाही हे कळायला एकच उपाय मला सुचला. यांना बोलतं ठेवायचं. पहिल्या दिवशी हे वैतागले. "काय बोलू?"

"भाऊजींबद्दल बोला."

हे भिंतीकडे तोंड करून पडले. मग भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी सोळा वर्षांचा होतो, दादा एकोणीसचा. तेव्हा आम्ही नांदेडला राहायचो. नांदेडहून गोदावरीच्या काठाकाठानं आम्ही बासरला चालत गेलो. आठ दिवस."

मी तळ्यावरचे कोरे कागद गाडीत टाकून आणले होते. दौत उघडली आणि लिहायला लागले.

रोज सकाळी तोंड उघडायला लावायचं, मान वळवायला लावायची, मग हे सांगायचे आणि मी लिहायची. भाऊजींनी टरबुजाच्या वाडीत राखणदाराशी गप्पा मारून दोन टरबुजं कशी मिळवली, पैलतीरावरच्या कीर्तनाचा आवाज ऐकून दोघं गळ्याएवढ्या पाण्यातून पलीकडे कसे गेले. मला भाऊजी माहीत होते ते पोक्त, हिशेबी. हा एकोणीस वर्षांचा मुलगा मी पहिल्यांदाच पाहत होते.

सहाव्या दिवशी सकाळी यांना मान वळवता येईना. मी अनवाणी डॉक्टरांकडे धावले. डॉक्टर हातात दाढीचा ब्रश तसाच घेऊन आले, मान दाबून पाहिली, जबडा पाहिला. "उशाला काय घेता?" त्यांनी विचारलं. उशाला मामांची पत्र्याची पेटी होती. डॉक्टरांनी पेटी पायानं बाजूला सारली आणि उरलेली दाढी करायला गेले. मी जिन्यात बसून रडले, मग तोंड धुऊन आत गेले आणि म्हटलं, "हं, पुढे?"

अकराव्या दिवशी दुपारी गोष्ट बासरला पोचली. यांचे तळपाय फुटले होते आणि शेवटचा कोसभर भाऊजींनी यांना पाठीवर घेतलं होतं. "दादा म्हणाला, आईला सांगू नकोस हं, नाहीतर ती म्हणेल..." आणि हे थांबले.

मी वाट पाहिली. वर बघितलं. यांचे ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता.

टाक टाकून मी यांची हनुवटी धरली. "तोंड उघडा. उघडा!" यांनी तोंड उघडलं, चांगलं मोठं, आणि त्यातून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. श्रावणात भाऊजींना नेलं त्या दिवशीही हे रडले नव्हते. मामा चणे घेऊन आत आले, दारातच उभे राहिले, आणि त्यांनी दार पुन्हा लोटून घेतलं.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी जायला सांगितलं. पाय अजून थोडा ओढतात, पण शाळेत जायला लागले आहेत. तळ्यावरच्या भिंतींत गोविंदरावांनी कडबा भरला, हे त्यांचं कार्ड आलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला विचारलं, "एवढे कागद कसले?" मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागले. भाऊजींचं नाव दुसऱ्याच ओळीत होतं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत, वरही बघितलं नाही, पण मला थांब असंही म्हणाल्या नाहीत. दोघं भाऊ पहाटे घरातून निघाले, एवढं वाचून झालं आणि त्यांनी सूप खाली ठेवलं.

"घोंगडी विसरला होता थोरला," त्या म्हणाल्या. "घाटापर्यंत मी धावत गेले मागून. मला म्हणाला, आई, तूही चल." त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "तेही लिही."